पानातून अमूर्ताकडे : एक कलापाठ

'मला चित्र काढता येत नाही' असे म्हणून कलेच्या तासाला वही मिटून बसणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याचा हात वळत नसेल. परंतु पाहण्याची शक्ती त्याच्याजवळही असते. ती जागी व्हावी, या हेतूने आम्ही हा पाठ मांडीत आहोत. त्यासाठी एक पान, वर्गात मिळून वापरावयाचा एक मोबाइल आणि संगणकावर विनामूल्य मिळणारी 'गिम्प' ही प्रणाली एवढे साहित्य पुरे आहे.

अमूर्त म्हणजे काय?

अमूर्त म्हणजे न समजणारे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. वस्तूचे नाव आणि उपयोग बाजूला ठेवून तिच्यातील रेषा, आकार, रंग, पोत आणि लय यांकडेच पाहू लागलो, की अमूर्ताची वाट सुरू होते. १९२४ साली नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त न म्हणता वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत करीत. जर्मनीतील कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी कळ्या, देठ व पाने यांची अनेक पटींनी मोठी छायाचित्रे घेतली. १९२८ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. त्यांत नेच्याची गुंडाळलेली पाने घडीव लोखंडी नक्षीसारखी भासतात. तेथे फिल्टर नव्हता. होते ते केवळ जवळून पाहणे.

छायाचित्र

पान झाडावरच असू द्यावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते सूर्य आणि कॅमेरा यांच्या मध्ये आले, की शिरा उजळून दिसतात. पिंपळाच्या पानात जाळीदार शिराविन्यास, तर केळीच्या पानात समांतर शिराविन्यास आढळतो. पहिल्यातून नकाशासारखी, दुसऱ्यातून लाटांसारखी रचना मिळते. पानाची कडा चौकटीबाहेर ठेवावी, म्हणजे 'हे पान आहे' ही ओळख आपोआप मागे पडते. कॅमेरा पानाच्या पृष्ठभागाला समांतर धरावा. अन्यथा एक भाग स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. फार जवळ गेल्यास चित्र स्पष्ट होत नाही. तेव्हा थोडे मागे येऊन नंतर हवा तेवढा भाग कापून घ्यावा.

फिल्टरची क्रिया

१. प्रथम मूळ छायाचित्राची प्रत काढावी व कामे प्रतीवरच करावीत.

२. 'गॉशियन ब्लर' थोडासा द्यावा. बारीक ठिपके विरघळतात आणि मोठे आकार उरतात.

३. 'पोस्टराइझ' मध्ये पातळ्या ४ ठेवाव्यात. सामान्य छायाचित्रात लाल, हिरवा व निळा या प्रत्येकाच्या २५६ पातळ्या असतात. त्या ४ झाल्या, की जास्तीत जास्त ४ × ४ × ४ = ६४ रंग उरतात. चढउतार जाऊन सपाट रंगक्षेत्रे दिसू लागतात.

४. 'एज-डिटेक्ट' शेजारशेजारच्या बिंदूंमधील फरक शोधते. मूळ छायाचित्राच्या दुसऱ्या प्रतीवर ते वापरल्यास शिरांचे रेखाचित्र मिळते. ते रंगक्षेत्रांवर थर म्हणून ठेवावे.

५. शेवटी रंग उलटवून पाहावेत. हिरव्याच्या जागी किरमिजी छटा येतात.

विवेक

येथेच खरी कसोटी आहे. फिल्टर लावणे क्षणाचे काम आहे, थांबणे कठीण. कोणत्याही पानाला तोच फिल्टर तसाच लावला, तर ते यंत्राचे काम ठरेल. म्हणून प्रत्येक क्रियेपूर्वी विद्यार्थ्याने सांगावे : मी काय वगळीत आहे आणि काय ठेवीत आहे? उत्तर देता आले नाही, तर ती क्रिया मागे घ्यावी. मूळ छायाचित्र चित्राशेजारी लावावे व कोणते फिल्टर वापरले ते खाली लिहावे. पाहणाऱ्याशी हा प्रामाणिकपणा राखला पाहिजे.

स्वाध्याय

एकाच पानापासून तीन चित्रे करा : एक केवळ रेषेचे, एक केवळ रंगाचे, एक केवळ पोताचे. त्यांतील एक निवडा आणि निवडीचे कारण पाच ओळींत लिहा.

हा स्वाध्याय पूर्ण केलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली क्षणभर थांबून वर पाहू लागला, तर पाठ साधला असे आम्ही समजू.