जीप भरते तेव्हाच धंदा होतो: जोडप्यांसाठी वीकेंड ट्रेकचा हिशेब

जोडप्यांसाठी अवघड ट्रेक आणि तंबूत मुक्काम, या धंद्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यातलं कॉस्टिंग इथे सावकाश बघू. वही घ्या.

ठिकाण धरू पाटणादेवी, चाळीसगावपासून साधारण 18 किलोमीटर. चाळीसगाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे मुंबई-नाशिकचं गिऱ्हाईक थेट स्टेशनवर उतरतं. शनिवारी कण्हेरगडाची खडी चढण आणि कड्यातली लेणी, रविवारी दरीतून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. ते सांगणारा 1207 चा शिलालेख याच पाटणचा. ही गोष्ट सांगता येणारा वाटाड्या मिळाला तर दोनशे रुपये जास्त द्या, वसूल होतात.

हा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथे बिबट्या आहे. तंबू वाटेल तिथे ठोकायचा नाही. जंगलात जाण्याची परवानगी वन विभागाकडून आधी घ्या आणि मुक्काम हद्दीबाहेर, ओळखीच्या शेतात ठेवा. शेतमालकाला भाडं द्या, रात्री चुलीवरचं भरीत आणि कळण्याची भाकरी त्याच घरून घ्या. स्वच्छ संडासाची सोय मात्र आधी स्वतः बघून या. जोडपी पहिला प्रश्न तोच विचारतात.

आता आकडे. हे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका. दोन दिवसांची जीप 4,000, वाटाड्या 1,600, शेताचं भाडं 500. झाले 6,100. एक जोडपं येवो की तीन, हा खर्च हलत नाही. जेवण, तंबूची झीज, किरकोळ मिळून दर जोडप्यामागे 1,400.

बरेच जण म्हणतात, "सर, 4,500 रेट ठेवू, लोक लगेच येतील." ठेवा. जोडप्यामागे उरतात 3,100. दोन जोडपी आली की 6,200, म्हणजे खर्च निघाला. छान वाटतं ना? पण तुमची स्वतःची मजुरी कुठे आहे?

ती धरावीच लागते, कारण या ट्रेकला दोन माणसं लागतात. जोडप्यातला एक थकला की दुसराही मागे फिरतो. एकाने त्यांना खाली आणायचं, दुसऱ्याने बाकीच्यांसोबत थांबायचं. तो दुसरा म्हणजे तुम्ही. रोजचे 800 धरले तर ठरलेला खर्च 7,700 होतो. मग 4,500 च्या रेटने तिसरं जोडपं आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि जीपमध्ये जागाच तीन जोडप्यांची! म्हणजे गाडी दरवेळी पूर्ण भरली तरच चार पैसे दिसणार.

रेट 5,500 करा. आता जोडप्यामागे 4,100 उरतात. दोन जोडप्यांत मजुरीसकट खर्च निघून 500 शिल्लक, तिघांत 4,600. बुधवारपर्यंत दोन जोडपी झाली नाहीत तर बॅच रद्द, पैसे परत, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. एकट्या जोडप्याला खासगी ट्रिप हवी असेल तर तुमचा खर्च 9,100 होतो. 10,500 सांगा, बिचकू नका. "दुसऱ्या माणसाशिवाय स्वस्तात करू का?" नाही. तिथे काटकसर करायची नाही.

बुकिंग करणाऱ्याशीच बोलून फोन ठेवू नका, दोघांशी बोला. बहुतेक वेळा एकाला हौस असते आणि दुसऱ्याला फक्त "थोडं चालायचं आहे" एवढंच सांगितलेलं असतं. चढ किती खडा, पाणी किती न्यायचं, गुडघ्याचा त्रास आहे का, सगळं स्पष्ट विचारा. चाल हळू चालणाऱ्याच्या वेगाने ठेवायची.

सीझन ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऐन पावसात ओढे अचानक चढतात आणि आपल्या खान्देशातला मे महिना तर तुम्हाला सांगायला नको. डिसेंबरच्या रात्रीसाठी जाड ब्लँकेटं ठेवा.

गिऱ्हाईक घेण्याआधी घरच्या चार जणांना घेऊन धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर सराव करा, महामार्गाला लागूनच आहे. मग पाटणादेवीची पूर्ण वाट वाटाड्यासोबत एकदा चालून या आणि त्या दोन दिवसांचा झालेला खर्च वरच्या आकड्यांच्या जागी लिहा. तुमचा रेट किती आला ते कमेंटमध्ये टाका, पुढच्या रविवारी लाइव्हमध्ये तपासू.