आवाजाचा उजेड
मागील घटकात आपण चिन्हकाच्या रेषीयतेचा विचार केला. तो आता एका निराळ्या उदाहरणावर ताडून पाहा.

मेक्सिको सिटीतील त्लातेलोल्को भागात 'तीन संस्कृतींचा चौक' आहे. २ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिंपिक दहा दिवसांवर आले असताना, तेथे जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. २००८ मध्ये राफाएल लोसानो-हेमर या कलावंताने त्याच जागी एक कर्णा ठेवला. कोणीही यावे, बोलावे. आवाज चढला की प्रकाशझोत प्रखर होई; बोलणारा थांबला की अंधार. शेजारच्या इमारतीवरून आणखी तीन झोत तोच प्रकाश शहरभर नेत. कसलेही नियंत्रण नव्हते. वाचलेल्यांचे कथन, कविता, निषेध आणि चक्क लग्नाची मागणीसुद्धा! काहींना हे शेवटचे अनुचित वाटेल. मला वाटत नाही. बोलणाऱ्यांना जेथे मारले गेले, तेथे हवे ते बोलता येणे हाच या कलाकृतीचा विषय आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की झोतातून केवळ आवाजाची तीव्रता पोहोचते, स्वनिम पोहोचत नाहीत. 'काम' आणि 'दाम' त्याच्या लेखी सारखेच. दूरच्या माणसाला कोणीतरी बोलत आहे एवढेच कळते. शब्दांसाठी त्याला विद्यापीठाचे रेडिओ केंद्र लावावे लागे. म्हणजे रेषीयता असूनही हा प्रकाश भाषा ठरत नाही.

कोणी बोलत नसे तेव्हा जुनी ध्वनिमुद्रणे लावली जात आणि झोत त्यांबरोबर लुकलुके. अशा उच्चारणाचा वक्ता कोण मानावा? पाच-सहा ओळींत लिहा.