अधिकातली सहल

तळेगाव दाभाडे
१८ जानेवारी २०२६

चि. सौ. मनू हिस,


परवा फोनवर तू एका दमात सिंगापूर, इमॅजिका आणि हैदराबादची रामोजी फिल्म सिटी असं सगळं सांगून टाकलंस आणि वर म्हणालीस, "आत्या, तारीखच जुळत नाहीये गं." तेव्हा पोळ्या लाटत होते, धड उत्तर देता आलं नाही. आज निवांत कालनिर्णय मांडीवर घेऊन बसले आहे.

सिंगापूर आधी बाजूला ठेवू. सासूबाईंचा पासपोर्ट नाही, तुझ्या नणंदेकडे तर कुणाचाच नाही, आणि तुला न्यायचं आहे ते सगळ्यांना. सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज २०१० पासून उभं आहे, आणखी दोन-तीन वर्षं तुमच्यावाचून चालेल त्याचं. हैदराबादला जायचं तर जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतील. उरलं खोपोलीचं इमॅजिका. ते हिंजवडीहून सकाळच्या चहानंतर निघून नाश्त्याला पोचण्याच्या अंतरावर आहे, म्हणूनच तुला ते "खास" वाटत नाही, हे मला कळतं. तुझ्या लहानपणी आम्ही तुम्हाला बोरिवलीहून गोराईच्या खाडीतून बोटीनं एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. ते १९८९ साली सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंदही पडलं. तेव्हा पुण्याहून मुंबईला जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करायचा, तेवढ्यानंच सहल मोठी व्हायची. आता पार्क जवळ आलं आहे आणि नातेवाईक लांब गेले आहेत.

आता तारखा. तुझी चूक एवढीच होते आहे, की तू पार्कची तारीख आधी धरतेस आणि मग माणसांना तिच्यात बसवायला बघतेस. उलटं कर. दुसऱ्यांच्या तारखा आधी खोडून टाक, राहील ती आपली.

तुझी मुलं सीबीएसईची. त्यांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, दोन-चार आठवडे शाळा होते आणि मग सुटी लागते. नणंदेची मुलं कराडला राज्य मंडळाच्या शाळेत. त्यांच्या परीक्षा एप्रिलभर, आणि त्यांच्याकडे अजूनही १ मेला झेंडावंदन करून निकाल घेतात. म्हणजे एप्रिल गेला. तू म्हणालीस, आठवड्यातल्या मधल्या वारी गर्दी नसते, तेव्हा एप्रिलमध्येच दोन दिवस "ताप आला" म्हणून शाळा बुडवू. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आहे, तेव्हा हे जरा स्पष्टच लिहिते. तुमच्यासारखे सगळे तापाचेच दाखले देतात आणि मूल परत येतं ते नाकाचा शेंडा भाजून. बाईंना कळतं. त्या काही बोलत नाहीत एवढंच. पण खोटं बोलायला लागतं ते तुला नाही, मुलाला. दिवसभर मित्रांपासून लपवायचं, पाळण्याची गोष्ट पोटात ठेवायची, हा केवढा जाच! खरोखर न्यायचंच झालं, तर "कुटुंबासह बाहेरगावी जात आहोत" असा दोन ओळींचा अर्ज दे आणि बुडालेला अभ्यास विचारून घे. शाळा रागावलीच तर तुझ्यावर रागावेल. पण यंदा ती वेळच येऊ नये.

मे महिन्याचा पहिला पंधरवडा घे. १ मे शुक्रवारी आला आहे, त्यात बुद्धपौर्णिमाही त्याच दिवशी. जोडून शनिवार-रविवार. त्या तीन दिवसांत बोरघाटात गाडी घालायची म्हणजे मुलांना राइड घाटातच मिळेल, इंचाइंचानं पुढं सरकणारी. ५ मेला अंगारकी. पाली आणि महड दोन्ही अष्टविनायक त्याच रस्त्याला आहेत, तेव्हा तो दिवसही नको. शिवाय दहावीचा निकाल. नणंदेचा थोरला यंदा दहावीला आहे ना? गेल्या वर्षी निकाल १३ मेला लागला होता. निकालाच्या तोंडावर त्या घराला कुठं चला म्हणू नये. मार्क कसेही पडोत, आधी त्यांना त्यांच्या घरी ते पाहू दे.

आणि लग्नं. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिकात लग्नं लागत नाहीत, आणि जूनच्या मध्यानंतर शाळा. त्यामुळे ज्यांना मुलाबाळांसकट लग्न उरकायचं आहे ते सगळे १७ मेच्या आत कार्यालयं धरून बसले आहेत. तुझ्याकडे आत्ताच तीन लग्नांचं तोंडी आमंत्रण आलं असेल. सासरकडच्या एकाही लग्नाला पार्कसाठी दांडी मारू नकोस. ती दहा वर्षं ऐकून घ्यावी लागते.

पण गंमत पाहा, जे लग्नवाल्यांना अडवतं तेच तुला मोकळं करतं. १७ मेनंतर कुणाचं कार्य नाही, दोन्हीकडच्या शाळांना सुटी, निकालही बहुधा लागून गेलेला. त्यात २५ मे हा महिन्यातला शेवटचा सोमवार, म्हणजे अमेरिकेत मेमोरियल डेची सुटी. तुझा क्लायंट त्या दिवशी समुद्रावर असणार. जावईबापूंचाही. रजेचा अर्ज टाकायचा तर त्याच आठवड्यासाठी. २७ मेला अधिकातली एकादशी आहे, सासूबाईंचा उपास, आणि बकरी ईदही त्याच सुमारास येते, तेव्हा सार्वजनिक सुटीची गर्दी. म्हणून सोमवार २५ आणि मंगळवार २६. यापलीकडे मला तरी दिवस दिसत नाही.

आता खरं लिहायचं ते. तुला सगळ्यात जास्त घोर लागला आहे तो तिकिटांचा नाही, तिकिटं कुणी काढायची याचा. तू बोलली नाहीस, पण "त्यांना जड जाईल आणि आम्ही काढली तर आवडणार नाही" हे वाक्य तू दोनदा अर्धवट सोडलंस. तुम्हा दोघांच्या आयटीतल्या पगारात सहा-आठ तिकिटं सहज निघतात. नणंदेचे यजमान स्वाभिमानी आहेत. त्यांच्यासमोर तू मोबाइलवर सगळ्यांची तिकिटं फटाफट काढलीस, तर ते आत येतील, हसतील, फोटोलाही उभे राहतील आणि परत कधी येणार नाहीत. पैसे असणाऱ्यानं सढळ हातानं द्यावं हे खरं, पण घेणाऱ्याला ताठ मानेनं घेता यावं ही सोयही देणाऱ्यानंच बघायची असते.

आणि ती सोय अधिकानं करून ठेवली आहे. धोंड्याचा महिना आहे. नणंदेचे यजमान म्हणजे सासूबाईंचे जावई. त्यांना सासुरवाडीला बोलवायचा हक्कही सासूबाईंचा आणि यायचा मानही जावयाचा. तेव्हा आमंत्रण "इमॅजिकाला चला" असं तुझ्याकडून जाऊ नये. सासूबाईंनी फोन करावा, "शनिवारी २३ तारखेला धोंड्याला या, दोन-चार दिवस राहायच्या तयारीनं या." तेहतीस अनारसे, निरांजन, जे काय वाण तुमच्याकडे देतात ते रीतसर द्या. आणि त्याच ताटात पाकिटात तिकिटं. सासूबाईंच्या हातून. सासूनं अधिकात दिलेलं वाण कुठला जावई परत करील? सासूबाईंना आधी विश्वासात घे, त्यांना हे फार आवडेल बघ. मुलांपुढे मात्र पैसे कुणी भरले याचा उच्चार करू नका. पोरं गाडीत सगळं बोलून टाकतात.

रविवारी २४ ला तुझ्या आईकडे चिंचवडला तुमचा धोंडा उरकून घ्या. वहिनीला मी सांगते, नाहीतर ती नेमकं २५ च धरून बसेल.

वाटेत पालीला मुक्काम करायचा आहे, तिथं जेवणाखाण्याचं मात्र नणंदेच्या यजमानांना करू दे. ते पाकीट काढतील तेव्हा "नको नको" करत मध्ये पडू नकोस.

सोमवारी पहाटे सहाच्या आत हिंजवडीतून बाहेर पडा. सातनंतर वाकडच्या पुलापाशी समोरून येणारी आयटी पार्कची गर्दी आणि आपली घाई यांचा मेळ बसत नाही. किवळ्याहून द्रुतगती मार्ग, खोपोलीला उतरायचं. पहिल्यांदा महडचा वरदविनायक (चवदार तळ्याचं महाड नव्हे, नाहीतर जावईबापू नकाशावर ते लावून बसतील), मग पाली. पालीत आधी धुंडीविनायक आणि नंतर बल्लाळेश्वर, हा क्रम सासूबाईंना ठाऊक असेलच. मुक्काम तिथल्या भक्तनिवासात करा. पार्कला लागून मोठं हॉटेल आहे, पण तिथं राहिलात तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात.

मंगळवारी पार्क. ते खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर पडतं. दार उघडायच्या वेळी हजर राहा. एप्रिल २०१३ मध्ये ते सुरू झालं तेव्हा नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरचा फार गवगवा झाला होता. एकशेबत्तीस फूट उंच, पाय अधांतरी लोंबकळत. त्याला किमान १४० सेंटिमीटर उंची लागते. तुझी थोरली तेवढी आहे का, ते घरीच भिंतीशी चप्पल काढून मोज, आणि नसेल तर आत्ताच सांगून टाक. रांगेत तासभर उभं राहून पट्टीपाशी परत फिरवलेलं मूल मी शाळेच्या सहलीत पाहिलं आहे. त्याची समजूत आइस्क्रीमनं निघत नाही. दहावीवाल्याला आणि त्याच्या बाबांना नायट्रोवर एकत्र बसव. निकालाबद्दल जे काही बोलायचं राहिलं असेल ते वर ओरडून घेतील दोघं.

उघड्यावरच्या राइड सकाळी आणि चारनंतर. भर दुपारी आतल्या. खोपोली घाटाच्या पायथ्याला आहे, मेअखेर तिथं घामानं माणूस नुसता निथळतो. सासूबाईंना "आय फॉर इंडिया" दाखव. खुर्चीत बसल्या बसल्या हेलिकॉप्टरमधून देश पाहिल्यासारखं आहे ते. त्यांनी ते एवढंच पाहिलं आणि बाकीचा वेळ सावलीत बसल्या तरी चालेल, मात्र त्यांना पिशव्यांची राखण करायला बसवू नका. पिशव्यांना लॉकर असतो. राजासॉरसची नावेतली राइड धाकट्याला आवडेल, पण कपडे भिजतात, तेव्हा ती घाईनं पहिलीच घेऊ नका. हा राजासॉरस नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून ओळखला गेलेला खरा, आपल्या मातीतला डायनासोर आहे, हे पोरांना सांग. मला हे कळलं तेव्हा त्या अख्ख्या पार्कबद्दल थोडा आदर वाटला.

एक धोका आहे, पावसाचा. गेल्या वर्षी मान्सून मुंबईत पोचला तो नेमका २६ मेलाच. त्याची नेहमीची तारीख ११ जून. यंदाही तसं झालं तर उघड्यावरचे पाळणे थांबतील. म्हणून तिकिटं काढताना तारीख बदलून मिळते का ते नीट वाच, आणि मुलांना "पालीला जातोय, पाऊस नसला तर पार्कही" असंच सांग.

पाळण्यांवरून आठवलं. तुझी मुलं हिंजवडीत वाढताहेत, पण तिथलं गाव त्यांनी पाहिलेलं नाही. फेज थ्रीच्या बाराव्या मजल्यावरून गाव दिसत नाही म्हणा. चैत्री पौर्णिमेला, यंदा २ एप्रिलला गुरुवारी, हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचं बगाड जातं. शाळा सुटल्यावर घेऊन जा त्यांना. गर्दीत धाकट्याचा हात सोडू नकोस.

कळव काय ठरतं ते. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, मुलांना पापा.

तुझी,
आत्या

ता. क. कराडची मंडळी एसटीनं येणार असतील तर बायकांना अर्धं तिकीट आहेच, दहावीवाल्याचे आजोबा येणार असले आणि पंचाहत्तरी ओलांडली असेल तर त्यांना काहीच नाही, फक्त आधार कार्ड बरोबर ठेवायला सांग. बोरिवलीकडे जाणारी गाडी मिळाली तर वाकडला उतरवून घे, स्वारगेटहून हिंजवडीपर्यंत येण्यात त्यांचा अर्धा दिवस जाईल.