संगणकीय भित्तिपत्रकाची तयारी : कुष्ठरोग परिषदेच्या निमित्ताने

कुष्ठरोगविषयक वैद्यकीय परिषदांत निबंधवाचनाच्या जोडीला भित्तिपत्रकांचे दालन असते. पूर्वी छापील पत्रक गुंडाळून प्रवासात सांभाळून न्यावे लागे. आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर एकच आडवी चौकट तयार करून ती आयोजकांकडे आगाऊ पाठवावयाची असते व परिषदेत ती पडद्यावर दाखविली जाते. रुग्णालयाच्या अभ्यासकार्याला आपले साहाय्य लाभते, म्हणून हे काम कसे चालते ते आपणांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

पडद्यापुढे वाचक फार तर दोन-तीन मिनिटे थांबतो. तेवढ्या अवधीत एकाच प्रश्नाचे उत्तर देता येते. ‘कुष्ठरोगावरील उपचार’ हा विषय त्यासाठी निरुपयोगी. ‘मज्जातंतूचा दाह नुकताच सुरू झालेल्या रुग्णांना प्रेडनिसोलोन दिल्यावर हाताची संवेदना परत येते काय?’ हा प्रश्न मात्र पडद्यावर मावतो. अक्षरे मोठी, तक्ते थोडे, रंग सौम्य. याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

खरी कसोटी आकड्यांची. समजा, ४० रुग्णांना औषध दिले. सहा महिन्यांनी ३० जण तपासणीस आले आणि त्यांपैकी २१ जणांची संवेदना सुधारली. आलेल्यांचा हिशेब धरला तर यश ७० टक्के, सर्वांचा धरला तर ५२.५ टक्के. पहिला आकडा पडद्यावर शोभून दिसतो. पण न आलेले दहा जण कोण? कोणी ऊसतोडीला गेले असेल, कोणाला बसभाडे परवडले नसेल, कोणी रोग घरी लपविला असेल. त्यांची प्रकृती बरीच आहे असे गृहीत धरण्यास आधार नसतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, सारख्याच अक्षरांत द्यावेत, असा आमचा आग्रह असतो.

मोजमाप कोणते निवडले यावरही निष्कर्ष फिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे दोन डोळे, दोन हात व दोन पाय यांना प्रत्येकी ०, १ किंवा २ अशी श्रेणी देतात. हातापायांच्या बाबतीत १ म्हणजे संवेदना हरपली, पण विकृती दिसत नाही. २ म्हणजे डोळ्यांना दिसणारी विकृती अथवा इजा. एखाद्या रुग्णाच्या डाव्या हाताची श्रेणी २ व उजव्या पायाची १ आहे, बाकी अवयव ठीक आहेत आणि उपचाराने पायाची संवेदना परतली, असे मानू. केवळ सर्वांत मोठी श्रेणी नोंदविली तर तो पूर्वीही २ आणि आताही २. सहाही अवयवांची बेरीज केली तर ३ वरून २ झाली. तळव्यात काटा रुतल्याचे त्या माणसाला आता कळते, हे बेरजेतच दिसते.

छायाचित्रांविषयी आम्ही सर्वाधिक दक्ष असतो. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे ओळख झाकली जात नाही. गावातील माणूस गोंदणावरून वा बांगड्यांवरूनही ओळखतो. शिवाय पॉवरपॉइंटमध्ये चित्र कापून केवळ हात दाखविला, तरी कापलेला भाग मुद्दाम काढून टाकेपर्यंत फाईलमध्ये तसाच राहतो आणि कोणीही तो पुन्हा उघडू शकतो. यासाठी चेहरा आधी मूळ चित्राच्या प्रतीतूनच वगळावा, मग ते चौकटीत बसवावे. मोबाईलवर घेतलेल्या चित्रात स्थळाची नोंद दडलेली असू शकते, तीही पुसावी.

उपचाराच्या वेळी केसपेपरसाठी दिलेली संमती येथे पुरेशी नाही. पडद्यावरील पत्रकाची प्रत क्षणात होते व दूरवर जाते. हे रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून, नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही हे सांगून, निराळी लेखी संमती घ्यावी लागते. १८९७ साली बर्लिन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने रुग्णांच्या अलगीकरणाचा पुरस्कार केला होता. आजच्या परिषदांना कुष्ठबाधित व्यक्ती स्वतः प्रतिनिधी म्हणून येतात. पडद्यापुढचा वाचक त्यांच्यापैकी एक असू शकतो. ‘महारोगी’ हा शब्द तर आम्ही केव्हाच वर्ज्य केला आहे.

रुग्णाने नकार दिल्यास छायाचित्राऐवजी रेखाचित्र काढून घ्यावे. आखडलेल्या बोटांचे वळण दाखविण्यास ते पुरते, आणि पुष्कळदा छायाचित्राहून अधिक स्पष्ट दिसते.