उज्जैनच्या घरात कोरियाची मावशी

प्रश्न : आम्ही उज्जैनच्या फ्रीगंजमधले. चार पिढ्या माळव्यात गेल्या, पण घरात अजून मराठीच. ७२ वर्षांच्या सासूबाई रात्री मागचं आवरलं की हिंदीत डब केलेली कोरियन मालिका लावतात. ‘ही माणसं आपल्यातलीच वाटतात गं,’ म्हणतात. इतक्या लांबची माणसं आपली का वाटावीत?

उत्तर : सासूबाईंनी नेमकं ओळखलंय. कोरियात वयानं मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. मुलगी थोरल्या भावाला ‘ओप्पा’ म्हणते, आजीला ‘हाल्मोनी’. आईच्या बहिणीला ‘इमो’ म्हणतात आणि खानावळ चालवणाऱ्या परक्या बाईलाही तीच हाक जाते. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, तसंच हे. तिथंही चपला दाराशी काढायच्या, नव्या वर्षाला वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करायचा आणि त्यांनी हातावर पैसे ठेवायचे. डबिंगमध्ये भाषा बदलते, ही वागणूक तशीच राहते.

शिवाय गोष्ट संपते. बहुतेक मालिका सोळा भागांच्या आसपास आटोपतात, आणि बऱ्याचदा एकाच लेखिकेनं सगळी कथा लिहिलेली असते. वर्षानुवर्षं ताणलेल्या मालिका पाहिलेल्या माणसाला याचं मोल कळतं.

सासूबाईंना सोबतही मोठी आहे. ‘विंटर सोनाटा’ ही कोरियन मालिका २००३ साली जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर आली, तेव्हा तिच्यावर सर्वांत जास्त जीव जडला तो मध्यमवयीन गृहिणींचा. त्यांच्यातल्या कित्येकजणी पुढं चित्रीकरणाची ठिकाणं पाहायला कोरियाला गेल्या. राजवाड्यातली स्वयंपाकीण पुढं राजवैद्य होते, ती ‘दे जांग गम’ इराणमध्ये घरोघरी पाहिली गेली आणि आपल्या दूरदर्शनवरही आली. मणिपुरात कोरियन मालिका पोचण्याचं कारण वेगळं होतं. २००० साली तिथल्या भूमिगत संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली, आणि त्या पोकळीत केबलवरून ‘अरिरांग’ ही कोरियन वाहिनी घरात शिरली. तिथल्या पोरांच्या केशरचनेत आणि बोलण्यात कोरिया दिसू लागला, तेव्हा आपल्याकडे मोबाइलवर मालिका पाहणं कुणाच्या गावीही नव्हतं.

‘विंटर सोनाटा’त नायक अपघातात स्मृती गमावतो आणि प्रेमाची ओळखच पुसली जाते. दरवर्षी कालिदास समारोह भरवणाऱ्या गावाला ही गुंफण परकी कशी वाटेल? दुष्यंत शकुंतलेला विसरला आणि तिची अंगठीही हरवली, ही कालिदासाची कथा उज्जैनकरांच्या कानावर लहानपणापासून आहे. कोरियानं ती आपल्याकडून घेतली असं मला मुळीच म्हणायचं नाही. विसरलं जाण्याचं दुःख सगळीकडचंच आहे.

पण माझं मन सर्वांत जास्त गुंतलं ते या मालिका स्वतःच्या समाजाशी जे भांडतात त्यात. घराचा कायदेशीर प्रमुख सहसा पुरुषच, ही ‘होजू’ पद्धत कोरियात २००८ साली संपली, म्हणजे कालपरवाच. पडद्यावरच्या सासवा, सुना, नोकरी करणाऱ्या लेकी त्या बदलातून चाललेल्या बायका आहेत. शाळेतला छळ, परीक्षेचा ताण, कर्जात बुडालेली माणसं, हे सगळं या मालिका उघडपणे मांडतात.

२०२२ च्या ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू’मध्ये स्वमग्न असलेली तरुण वकील नायिका आहे. तिच्या एका खटल्यात, रस्त्यासाठी गावाचे दोन तुकडे होणार असतात आणि टेकडीवरचं जुनं झाड गावाच्या बाजूनं उभं राहतं. ते झाड चांगवॉन शहरात खरंच आहे, सुमारे ५०० वर्षांचं. मालिकेनंतर माणसं लोटली ते पाहायला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं त्याला नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं.

तो भाग सासूबाईंसोबत बसून पाहा. संपल्यावर त्यांना क्षिप्रेकाठच्या सिद्धवट या जुन्या वडाबद्दल विचारा, लहानपणी तिथं कुणाबरोबर जायच्या ते.