घोडी बुजली तेव्हा

भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता मला पाठ आहे, असा माझा समज होता. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. नीरा-देवघरचं पाणी भरलेलं, ऊन कोवळं, मी महाडच्या वाटेवर. एका वळणानंतर पुढे धनगरांचं बिऱ्हाड लागलं. फलटण-लोणंदकडचे मेंढपाळ दिवाळी झाली की चाऱ्यासाठी कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत देशावर येतात. पुरुष मेंढरं चारत मागून येतात. घोड्यांवर संसार लादून बायका पुढे निघतात, कारण तळावर जाऊन चूल त्यांनाच पेटवायची असते.

चार घोडी होती. शेवटच्या घोडीवर गुंडाळलेली वाघर, पातेली, पिठाचा डबा आणि सगळ्यांवर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. मी थेट तिच्या मागे गाडी नेली आणि लांबलचक हॉर्न दिला. तसं काही घाईचं कामही नव्हतं. पुण्यात सवय लागते, दुसरं काय.

घोडी जागच्या जागी उडाली. ओझं एका अंगाला कललं, ते पोटाला लागल्यावर ती आणखी बिथरली आणि चारीत उतरली. डबा फुटला. काळ्या डांबरावर बाजरीचं पांढुरकं पीठ, त्यात फडफडणाऱ्या कोंबड्या. पुढच्या घोडीच्या ओझ्यावर तीनेक वर्षांचं पोर बसलेलं मला तेव्हा कुठे दिसलं. त्याच्या आईने दोर मनगटाला गुंडाळून घोडीचं तोंड छातीशी धरून ठेवलं होतं.

घोडीमागची बाई शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने आधी घोडीच्या मानेवर हात फिरवला, मग म्हणाली, “दादा, हारन ऐकून माणूस बाजूला व्हतंय. जनावराला काय कळतंय?” पिठाचे पैसे तिने घेतले. मी विचारलेलं बाकी काही तिने ऐकून घेतलं नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण नेमकं पाठीमागचं दिसत नाही. न दिसणारी, गुरगुरणारी वस्तू मागून आली की पळणं, एवढंच त्याला ठाऊक. तेव्हापासून मी लांबूनच वेग कमी करतो, हॉर्नला हात लावत नाही. काच खाली करून “ताई, जाऊ का?” असं विचारतो. माणसाचा आवाज घोड्याच्या ओळखीचा असतो. तिने हात केला की दुसऱ्या गिअरमध्ये, जमेल तितकं अंतर राखून पुढे जायचं, आणि शेवटचं जनावर बरंच मागे पडेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. घोडीबरोबर शिंगरू असेल तर ते कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. आई एका कडेला, पिल्लू दुसऱ्या कडेला असं असताना मधून गाडी घातली, तर ते आईकडेच धावणार, म्हणजे तुमच्या बंपरसमोर. मेंढरांचंही तेच: कळप मधोमध तोडला की मागे राहिलेली पुढच्यांना गाठायला रस्त्यावरून सुटतात. रात्री अपर लाइट खाली घ्या. आणि मोबाइल काढून फोटोसाठी थांबणाऱ्यांनी निदान गाडी तरी रस्त्याच्या मधे उभी करू नये.

हे नुसतं सौजन्य नाही, हे मला पुढे कळलं. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या कलम 132 नुसार, जनावर बुजून आवरेनासं होईल अशी भीती वाटून ते सांभाळणाऱ्याने थांबायला सांगितलं, तर गाडीवाल्याला थांबावं लागतं. यादीत घोडा, गुरं, गाढव, खेचर, मेंढी, बकरी आहेत. हत्ती आणि उंटही आहेत. ते वरंध्यात भेटायचे नाहीत, पण कायद्याने सोय करून ठेवली आहे.

मेंढपाळांकडेही एक मागणं आहे. अंधारात चालावंच लागलं, तर कळपाच्या पुढे आणि मागे एकेक बॅटरी असू द्या. काळी घोंगडी पांघरलेला माणूस वळणावर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

यंदा त्याच रस्त्यावर पुन्हा बिऱ्हाड भेटलं. मी मागे थांबलो, तर माझ्यामागच्या गाडीने हॉर्न सुरू केला. उतरून त्याच्याकडे गेलो. “किती वेळ लागेल?” त्याने विचारलं. मी म्हटलं, बघू या. घड्याळ लावलं. रस्ता रुंद झाला, बाईने हात केला, तेव्हा साडेचार मिनिटं झाली होती.