बाभळीच्या सरपणासाठी साखळी करवतीची निवड

सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत बांधावर आणि ओढ्याकाठी बाभूळ हे नेहमीचे झाड होय. पडीक रानात व कालव्यांच्या कडेला तर वेडी बाभूळ माजलेली दिसते. दोन्हींचे लाकूड जड व कठीण असून त्यांचा निखारा बराच वेळ टिकतो. म्हणूनच चुलीला आणि पाणी तापविण्याच्या बंबाला हे सरपण पसंत केले जाते. ते फोडण्यासाठी आता अनेक गावांत कुऱ्हाडीच्या जोडीला पेट्रोलवर चालणारी साखळी करवत आली आहे. बाजारात तिला ‘चेन सॉ’ म्हणतात. इंजिन जितके मोठे तितके यंत्र चांगले, हा समज मात्र खरेदीदाराला महागात पडतो. आणि ही किंमत नेहमीच रुपयांत मोजता येते असे नाही.

निवडीचा आरंभ लाकडापासून करावा. वेडी बाभूळ जमिनीलगतच अनेक फांद्यांनी फुटते. तिच्यासाठी ३५ ते ४० सी.सी.चे इंजिन व १२ ते १४ इंचांची पट्टी पुरेशी आहे. काटेरी जाळीत वाकून काम करताना हलके यंत्रच हाताशी राहते. फूट-सव्वा फूट व्यासाच्या जुन्या बाभळीसाठी ४५ ते ५५ सी.सी. आणि १६ ते १८ इंचांची पट्टी घ्यावी. लहान इंजिनाला लांब पट्टी जोडण्याचा मोह टाळावा; कठीण गाभ्यात साखळी अडते, कामगार अंगाचा भार टाकून दाबू लागतो आणि इंजिन तापते. शक्यतो ओले असतानाच लाकडाचे तुकडे पाडून मग वाळवावेत. वाळलेली बाभूळ दात्यांची धार फार लवकर घालविते.

इंजिनाइतकाच, किंबहुना अधिक, विचार साखळीचा व्हावा. तिच्या दात्यांचे कोपरे तीक्ष्ण चौकोनी किंवा किंचित गोलसर असतात. चौकोनी दाते स्वच्छ लाकडात वेगाने कापतात. पण आपल्याकडील सालीत धूळ बसलेली असते. गोलसर दाते थोडे सावकाश कापतात, परंतु धुळीत त्यांची धार अधिक टिकते. सोलापूरच्या रानासाठी तेच योग्य. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार किंवा खिळा रुतलेला नाही ना, हे आधी पाहावे. करवतीतून जाड किस पडत असेल तर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की गोल कानस हाती घ्यावी. कानशीचा व्यास साखळीच्या मापाप्रमाणे ठरतो, म्हणून ती यंत्राबरोबरच विकत घ्यावी.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत क्षणात चालकाच्या तोंडाकडे उसळते. यासाठी साखळीला ब्रेक असलेलेच यंत्र घ्यावे. दुकानात इंजिन बंद असताना हातमोजा घालून, पुढील संरक्षक पट्टी पुढे ढकलावी आणि साखळी ओढून पाहावी. ती हलता कामा नये. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो, तेव्हा कानांना झाकण हवेच. चष्मा, बंद बूट आणि मांड्यांचे संरक्षक आवरण यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. चपला घालून करवत चालविणाऱ्या मजुराला काम देणाऱ्या मालकाने हा खर्च आपलाच समजावा.

पेट्रोल व तेलाचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार ठेवावे. १:५० सांगितले असल्यास एका लिटरला २० मिलिलिटर तेल लागते. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषते, म्हणून हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी. उन्हाळ्यात वाळल्या गवताजवळ तापल्या यंत्रात इंधन भरू नये.

मोठ्या चिंचेसाठी ६० सी.सी.च्या वरचे यंत्र लागते खरे, परंतु तेथे पहिली गरज परवानगीची आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ ही झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. सोलापूर शहराच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा लागू आहे, आणि तेथे बाभळीसाठीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.